दर तिसऱ्या बाजाराला

मी हुशार आहे, हे मला सातव्या-आठव्या वर्षापासून सांगितलं गेलं. सांगणारे वडील, ऐकणारी सगळी चाळ. अंबरनाथला कारखान्याच्या मागच्या अंगाला आमची चाळ होती. आमच्या घरात देव नव्हते, शिक्षण होतं. वडील पाळीवरून आले की डबा खाली ठेवायच्या आधी माझी वही मागायचे. पुढे मला नर्सिंगला प्रवेश मिळाला तेव्हा त्यांनी दारोदारी पेढे वाटले आणि प्रत्येकाला ऐकवलं, की पोरगी डोकेबाज आहे, ही कुठे अडायची नाही. मी ते खरं मानलं. इतकं, की पुढे एका पोरीच्या जिवाशी गाठ पडली तेव्हाही माझी भिस्त माझ्या डोक्यावरच होती. ती गोष्ट मी आजवर कुणाला धड सांगितलेली नाही. अर्धी सांगितली आहे, आणि अर्धी सांगणं म्हणजे लपवणंच.

बदलापूर सोडून बारवी धरणाच्या रस्त्याला लागलं की एका संस्थेचा छोटा दवाखाना होता. दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची पडवी. डॉक्टर आठवड्यातून तीन दिवस यायचे, मी सहा दिवस. आजूबाजूला वीटभट्ट्या. आता त्यातल्या बऱ्याच जागांना कुंपणं पडलीत आणि इमारतींचे फलक लागलेत, पण तेव्हा दिवाळी झाली की ट्रक भरभरून माणसं उतरायची. घाटाखालच्या डोंगरातली, बहुतेक कातकरी. ताडपत्र्या, पातेली, कोंबड्या आणि पोरं. आगोटीला, म्हणजे पाऊस लागायच्या आधी, तीच माणसं पुन्हा गावाकडे जायची. मधले सहा-सात महिने ती इथे राहायची आणि तरी इथली नसायची. सरकारी भाषेत त्यांना ‘स्थलांतरित’ म्हणतात. वहीत नावापुढे हा शब्द लिहिला की लिहिणाऱ्याचं काम संपतं. मीही लिहिलाय, पुष्कळदा.

ती पोरगी आली ती आईच्या कडेवर बसून. आठ-नऊ वर्षांची पोर कडेवर बघून मी आधी आईलाच झापलं.

“एवढी घोडी झाली, चालवत का नाहीस?”

“चालत नाय, बाय. मागल्या बाजाराला उजवा गुडघा धरला होता. आता तो सुटला आन् डावा धरला. हात लावू देत नाय.”

ही आई मला ‘तू’ म्हणायची. त्यांच्यात अहो-जाहोचं खूळ फारसं नाही, आणि मला ते आवडायचं. अंगानं काटकुळी, डोळे मात्र सारखे समोरच्याच्या तोंडाकडे. आपण बोलतोय ते ती नुसतं ऐकत नाही, पाठ करतेय, असं वाटायचं. भट्टीवरच्या लोकांनी तिला सांगितलं होतं की पोर थंडीत गाऱ्यात उभी राहते, गारठा बसला. पोरीच्या दोन्ही गुडघ्यांच्या वर काळे दोरे बांधलेले होते.

आमचे डॉक्टर बोलके. त्या दिवशी मात्र पोरीच्या छातीवर एकाच जागी तीनदा नळी लावून बघितली. मग त्यांनी आईला विचारलं, की गेल्या महिन्यात हिचा घसा दुखत होता का. आई हसली. म्हणाली, पोरांचे घसे दुखतच असतात, ते कोण ध्यानात ठेवतं?

माझ्या रजेच्या दिवशी मीच दोघींना मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात तपासणीला घेऊन गेले. पोरीच्या हृदयाची एक झडप नीट मिटत नव्हती. घशातला साधा आजार असतो, तो एखाद्या पोराच्या सांध्यांत उतरतो आणि तिथून हृदय धरतो. औषध जुनं आणि साधं आहे, पेनिसिलीनचं एक इंजेक्शन, दर एकवीस दिवसांनी, पोरगी मोठी होईपर्यंत. ते मिळत राहिलं तर झडप आहे तेवढ्यावर थांबते. पोर नाचते, कामं करते, संसार करते. मध्ये खंड पडला आणि घसा पुन्हा धरला, तर आजार उलटतो आणि उरलेली झडप खाऊन टाकतो. तिथल्या डॉक्टरीण बाईंनी हे सगळं मला सांगितलं आणि मी आईला सांगितलं. शेवटी आईनं विचारलं, “म्हंजे सुई चुकली नाय तर पोर जगंल?” मी म्हटलं, “जगेल.” ती म्हणाली, “मंग चुकायची नाय.”

इतकं सोपं होतं ते. पण या देशात सोप्या गोष्टींचीच वासलात लागते. ते इंजेक्शन कुणी ठेवायला तयार नसतं, कारण ते स्वस्त आहे. कुणी टोचायलाही तयार नसतं, कारण हजारात एखाद्याला त्याची उलटी प्रतिक्रिया येते आणि खासगी डॉक्टरांना ती जोखीम नको असते. मी उल्हासनगरला कॅम्प तीनच्या बाजारात जाऊन आणायची. जीन्सच्या कारखान्यांच्या गल्लीत एका सिंधी काकांचं औषधांचं घाऊक दुकान होतं. ते दर वेळी कपाळाला हात लावायचे.

“अरे दीदी, ये माल आता कोण मंगता है? दुसरा कुछ महंगावाला लेके जाव ना, रॅक भरेला आहे!”

“काका, महागातलं तुमच्या व्याह्यांना द्या. मला हेच पाहिजे.”

कुरकुर करायचे, पण माझ्यासाठी मागवून ठेवायचे. एकदाही त्यांनी मला रिकाम्या हाती परत पाठवलं नाही.

इंजेक्शन दुखरं होतं. पांढरी पूड पाण्यात घोळवायची, ती दाट होते, हात जरा थांबला की सुई चोंदते. आधी कातडीखाली थेंबभर टोचून अर्धा तास बसवून ठेवायचं, मग कुल्ल्यात खोल. पहिल्यांदा पोरीनं असा आकांत केला की रस्त्यावरची रिक्षा थांबली. दुसऱ्या वेळी मी तिला म्हटलं, “रडायचं नाही. त्यापेक्षा मला शिव्या दे.” तिनं आईकडे बघितलं. आईनं मान हलवली. मग पोरीनं डोळे मिटले आणि सुई आत जाताना ओरडली, “तुझ्या भाकरीला मुंग्या लागतील!” तेव्हापासून दर वेळची शिवी ठरलेली. “तुझी म्हस आटंल!” मी म्हणायची, माझ्याकडे म्हैसच नाही. “मंग तुझा फोन पाण्यात पडंल!” डॉक्टर आतून हसायचे. पोर लंगडत लंगडत फाटकापर्यंत जायची आणि तिथून वळून आणखी एक ठेवून द्यायची.

अडचण होती ती दिवसांची. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. मी तिला भिंतीवरची दिनदर्शिका दिली आणि तारखांना लाल गोल करून दिले. ती दिनदर्शिका झोपडीत पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून गेली. मग मी कार्डावर तारखा लिहिल्या. ती एकदा सतराव्या दिवशी आली, एकदा सव्विसाव्या. सव्विसाव्या दिवशी मी तिच्यावर असं तोंडसुख घेतलं की पडवीतले पेशंट गप्प झाले. तोंड माझं आहेच तसं. ती खाली मान घालून उभी राहिली आणि म्हणाली, “बाय, आमाला तारीख कळत नाय. बाजार कळतो.”

बाजार! ही बाई सगळं बाजारावर मोजत होती. ताप दोन बाजार राहिला, भट्टी लागून चार बाजार झाले. आठवड्यातून एकदा बाजार भरायचा, त्याच दिवशी भट्टीला सुट्टी असायची, सगळी माणसं मीठ-मिरची आणायला बदलापुरात यायची. तीन आठवडे म्हणजे एकवीस दिवस. मी तिला म्हटलं, तारखा सोडून दे. आज बाजार आहे, आज सुई झाली. हा बाजार गेला, पुढचा गेला, त्याच्या पुढचा गेला की तिसऱ्या बाजाराला माझ्याकडे. तिनं तीन बोटं दाबून बघितली. तिचा चेहरा उजळला. “दर तिसऱ्या बाजाराला,” ती म्हणाली.

त्या हंगामात पुढे एकही इंजेक्शन चुकलं नाही. एकही नाही. मी हवेत होते. डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी संस्थेच्या बैठकीत सांगितलं, मग मलाच उभं करून सांगायला लावलं. मी माईकवर सांगितलं, की लोकांना आपल्या कॅलेंडरात ओढू नका, तुम्ही त्यांच्या कॅलेंडरात जा. टाळ्या पडल्या. मला शाल दिली. वडील तेव्हा हयात होते; त्यांनी ती शाल घडी न मोडता कपाटात ठेवली.

एकट्या डॉक्टरांनी बैठकीहून परत येताना एक विचारलं होतं. “सिस्टर, गावी गेल्यावर काय?”

“सर, बाजार तिकडेही भरतोच की.”

मी आईला विचारून घेतलंच होतं. घाटाखाली नदीपलीकडच्या मोठ्या गावात शनिवारी बाजार भरतो, आणि सरकारी आरोग्य केंद्र बाजाराच्या मैदानासमोरच. याहून सोयीचं काय असतं? मी त्या केंद्रातल्या नर्सला फोन केला, चिठ्ठी दिली. कॅम्प तीनमधून सात बाटल्या आणल्या, कारण जाण्यापासून येण्यापर्यंत सात सुया बसत होत्या. कापसात गुंडाळून, डब्यात घालून, डबा आईच्या हातात दिला. सगळं केलं. एवढं करून वहीत पोरीच्या नावापुढे ‘स्थलांतरित, गावी’ असं लिहिलं आणि पान उलटलं.

पावसाळ्यात एक-दोनदा फोन लावून बघितला. वस्तीवर एकाकडे फोन होता, तो लागला नाही. लागत नसतो तो पावसात, असं म्हणून मी सोडून दिलं. डेंग्यूचे दिवस होते, दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. हेही खरं, आणि माझा माझ्या युक्तीवर विश्वास होता हेही खरं.

दिवाळीनंतर ट्रक आले. दुसऱ्याच दिवशी ती दवाखान्यात हजर. पोर पुन्हा कडेवर. मी लांबूनच ओरडले, “काय गं महाराणी, पुन्हा पालखीत?” जवळ आल्यावर दिसलं. पोरीचं तोंड सुजलेलं. पायावर बोट दाबलं तर खळगा तसाच राहिला. गळ्याच्या शिरा उडत होत्या. आई म्हणाली, निजत नाय, बसूनच डोळा लागतो. आणि हे सांगता सांगताच तिनं कमरेचा डबा सोडून माझ्यापुढे ठेवला. तिच्या चेहऱ्यावर काळजी होती, पण त्याखाली एक अभिमानही होता, तो मी कधी विसरणार नाही.

“एक बी बाजार चुकवला नाय, बाय. हे उरलं. तुझं तुला.”

डब्यात कापसात गुंडाळलेल्या चार बाटल्या होत्या. भरलेल्या.

मी तोंड उघडलं होतं. शिवी ओठांवर होती. सात दिल्या होत्या, चार परत! मग तिनं सांगायला सुरुवात केली आणि मी तशीच उभी राहिले. जाऊन दोन शनवार बाजार भरला. मग नदीला पाणी चढलं, रस्त्याची मोरी बुडाली, व्यापाऱ्यांचे टेम्पो आलेच नाहीत. मग लावणी. लावणीत बाजार भरत नाय, बाय, माणूस कोण असतं बाजाराला? मग एक भरला, तो तिसरा, त्या दिवशी पोरीला पाठीवर घेऊन गेली. मग परत पाणी. पुढचा भरला, त्याच्या पुढचा नाय भरला. भरलेला प्रत्येक बाजार तिनं बोटावर धरून ठेवला होता. न भरलेला बाजार ती कसा मोजणार? आपण तरी न उगवलेला दिवस मोजतो का? मध्येच पोरीचा घसा धरला, ताप आला, सांधे धरले. आई तिसऱ्या बाजाराची वाट बघत राहिली, कारण मी तसं सांगितलं होतं.

मी तिकडच्या नर्सला फोन केला तेव्हा ती म्हणाली, “मॅडम, मी रागावले होते तिला, एवढा उशीर का केलास म्हणून. तर ती माझ्याशीच भांडली. म्हणाली, आमच्या बदलापूरच्या बायनं सांगितलंय, मी बरोबर आलेय. नंतर आली नाही तेव्हा मला वाटलं तुमच्याकडे परत गेली असेल. मी वहीत तसं लिहिलं.” काय लिहिलं ते मी विचारलं नाही. मला माहीत होतं.

त्याच दिवशी पोरीला मुंबईला हलवलं. रुग्णवाहिकेत मी तिच्याजवळ बसले होते. मी म्हटलं, “एक शिवी दे की मला. चांगली घसघशीत.” तिनं आठवून बघितलं, तोंड उघडलं, श्वास पुरला नाही, मान हलवली. मला त्या वेळी मोठ्यानं रडावंसं वाटलं आणि मी खिडकीबाहेर बघत राहिले.

आता ती गोष्ट, जी मी सांगत नाही.

वॉर्डात एक तरुण डॉक्टर होता. रात्रंदिवस काम करून डोळे तांबारलेले. त्यानं पोरीचं कार्ड बघितलं, झालेल्या सुयांच्या तारखा वाचल्या. खाटेच्या एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला पोरीचा बाप, पायाशी मी.

“आई, इंजेक्शनं चुकवलीत तुम्ही.”

“एक बी नाय चुकवलं.”

“मग हे काय लिहिलंय? दोन-दोन महिने गेलेत मध्ये. खोटं कशाला बोलता? हिच्या जिवाचा प्रश्न आहे, कळतंय का?”

आईनं माझ्याकडे बघितलं. मी सांगेन म्हणून. त्या वॉर्डात तिच्या ओळखीचं, तिच्या बाजूचं, शिकलेलं माणूस मी एकटी होते. एक वाक्य पुरलं असतं. डॉक्टर, हिनं मी सांगितलं तसंच केलं, चुकीचं मी सांगितलं. एवढंच. माझ्या डोळ्यांपुढे काय आलं असेल? शाल. माईक. आमचे डॉक्टर, ‘सिस्टर, तुमची कमाल आहे’ म्हणणारे. तेरा वर्षांची नोकरी. मी म्हटलं, “सर, जाऊ द्या, आता पुढे काय करायचं ते सांगा.”

आईनं मान खाली घातली. बापानं तिच्याकडे बघितलं ते मी बघितलं. मला कळलं होतं त्या नजरेचा अर्थ काय, आणि तरीही मी पुढच्या तपासण्यांची चिठ्ठी हातात घेतली.

नंतर मी खूप धावले. ऑपरेशन लागणार होतं, झडप बदलायची. सरकारी योजनेतून होणार होतं, पण रेशनकार्ड गावी, त्यावर आजोबाचं नाव, पोरीचं नावच नाही. जन्माचा दाखला नाही, कारण ती अशाच एका भट्टीवर जन्मली होती, कुठल्या गावच्या हद्दीत ते आईलाही माहीत नव्हतं. मी उल्हासनगरला गेले, कल्याणला गेले, त्यांच्या तालुक्याला दोन वेळा गेले. बाबू लोकांशी भांडले. एकाच्या टेबलावरून तर पेन उचलून त्याच्या हातात दिलं आणि म्हटलं, आत्ताच्या आत्ता सही कर, नाहीतर इथेच बसते. सगळे म्हणायचे, सिस्टर किती करतात त्या पोरीसाठी. मला ते ऐकवत नसे. फेड चालली होती ती माझी.

पोर गेली तेव्हा मी तालुक्याच्या कचेरीत होते. सकाळचे अकरा वाजले असतील. सहीचा कागद हातात पडला होता, शाई ओली होती, म्हणून मी तो फुंकत जिन्यावर उभी होते. वॉर्डातल्या नर्सचा फोन आला. म्हणाली, बसली होती, आईला टेकून, चहा मागितला, दोन घोट घेतले. एवढंच. मी जिन्यावर बसले. लोक वर-खाली करत होते, मला ओलांडून जात होते, आणि मला फक्त एकच गोष्ट सुचत होती, की हा कागद आता कुठे ठेवायचा.

त्यांनी तिला गावी नेलं. दिवस झाले आणि दोघं भट्टीवर परतली. भट्टी कुणासाठी थांबत नाही. मी तिकडे जायचं टाळत होते. बाजाराच्या दिवशी दवाखान्याचं दार लोटून आत बसत होते, ही माझी शूरता.

एका दुपारी ती आली. एकटी. बाजाराचा दिवस नव्हता. पडवीत कुणी नव्हतं, ती बाकावर बसली नाही, माझ्या टेबलासमोर उभी राहिली. हातांना माती होती, म्हणजे कामावरून तशीच निघून आली होती.

“बाय, मला येवढं सांग,” ती म्हणाली. “मी कुठला बाजार चुकवला?”

“का गं?”

“मी रोज मोजते. पयल्यापासून मोजते. सापडत नाय. तू शिकलेली, तू मोज.” मग म्हणाली, “घरचा मानूस माझ्या हातचं खात नाय. बोलत नाय. म्हनतो, डाक्टर खोटं बोलंल का? तूच चुकवलंस, तूच पोर मारलीस. मी म्हनते, मारलं असंल तर मारलं. पन कुठला बाजार ते तरी मला कळू दे.”

ती मला जाब विचारायला आली नव्हती. ती स्वतःची चूक शोधायला आली होती, आणि ती शोधायला तिनं माझीच मदत मागितली. मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नाही.

मी तिला बस म्हटलं. ती बसली नाही, तेव्हा मीच उठून उभी राहिले. मी म्हटलं, “तू एकही चुकवला नाहीस. चूक माझी. मी तुला बाजार मोजायला सांगितलं. बाजार पावसात भरत नाही, हे मला कळायला हवं होतं, विचारायला हवं होतं. दर सातव्या दिवशी तो दिवस येतो, बाजार भरो न भरो. ते मी तुला सांगितलं नाही. तू मी सांगितलं तसंच केलंस.”

ती ऐकत होती, नेहमीसारखी, माझ्या तोंडाकडे बघत. पाठ करत. माझी अपेक्षा होती ती ओरडेल. ओरडावं, असं मला मनापासून वाटत होतं.

“हे तुला तवा ठावं होतं?” तिनं विचारलं. “डाक्टरासमोर?”

“हो.”

“मंग तवा का नाय बोललीस?”

भीती वाटली, असं म्हणणार होते, पण जिनं पोर गमावली तिच्यासमोर भीती हा शब्द तोंडातून निघेना.

“चल,” ती म्हणाली. “आता त्याला सांग.”

मी दवाखान्याला कुलूप लावलं आणि तिच्यामागून निघाले. रस्त्यानं ती पुढे, मी मागे. भट्टीवर विटा थापणं चालू होतं. बाप उकिडवा बसून साच्यातून विटा काढत होता, ओळीनं. शेजारी दोन-तीन जोडपी, त्यांची पोरं. मी त्याला बाजूला बोलावणार होते, पण ती म्हणाली, “हितंच. सगळ्यांसमोर बोललाय तो मला.”

तेव्हा मी तिथेच सांगितलं. माईकवर सांगितलं होतं तसं नाही. अडखळत, चुकत, दोनदा पहिल्यापासून. बाजार कसा मोजायला सांगितला, तो हिशेब कुठे फसला, आणि वॉर्डात मी का गप्प राहिले. शेजारच्या बायकांनी हात थांबवले होते. त्यानं थांबवले नाहीत. तो साचा भरत होता, उलटा करत होता, वीट काढत होता. माझं संपलं तेव्हा एक ओळ पुरी झाली होती. मग त्यानं बादलीत हात धुतले, सावकाश, कोपरापर्यंत. माझ्याकडे त्यानं बघितलंच नाही. तिच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, “भाकर हाय का?”

तिनं मान हलवली. झोपडीकडे दोन पावलं गेली, मग थांबली, माझ्याकडे वळली.

“तू आता जा, बाय,” ती म्हणाली. “त्याला जेवू दे.”